सरासरीत न दिसणारी बाळंतीण

मातामृत्यूचे जागतिक उद्दिष्ट महाराष्ट्राने कधीच गाठले आहे. पेण-रोह्याच्या डोंगरवाड्यांपुरते मात्र काम संपलेले नाही. उरलेले काम कोणते आणि ते आकड्यांत का दिसत नाही, याचा हा आढावा.

तीनशे मिलिलिटर म्हणजे किती? घरातल्या चहाचे साधारण दोन कप. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि सुईणींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांसह बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाबाबत नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत या दोन कपांना मोठे महत्त्व आहे. आतापर्यंत योनीमार्गे झालेल्या प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर रक्त गेले की त्याला अतिरक्तस्राव म्हणत. आता ३०० मिलिलिटर रक्त गेले असेल आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडल्याची खूण दिसत असेल, तर ५०० ची वाट न पाहता लगेच उपचार सुरू करावेत, असे सांगितले आहे.

वरवर पाहता हा तज्ज्ञांच्या पुस्तकातला बदल वाटतो. परंतु त्यामागचा अनुभव साधा आहे. प्रसूतिकक्षात किती रक्त गेले याचा अंदाज आजवर डोळ्यांनीच घेतला जाई. चादरीत, कापसात आणि जमिनीवर गेलेले रक्त डोळ्यांना नेहमी कमीच भासते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील सुमारे ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतिणींचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतिणीखाली मोजपट्टी छापलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली तेव्हा ९३ टक्के अतिरक्तस्राव वेळीच ओळखले गेले. जिथे डोळ्यांवर विसंबून राहिले तिथे हे प्रमाण जेमतेम निम्मे होते. ओळख पटताच गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, शिरेतून सलाईन आणि रक्त नेमके कुठून जाते आहे याची तपासणी, हे सगळे एकामागून एक न करता एकदम सुरू केले गेले. एक लिटरहून अधिक रक्तस्राव, त्यासाठी पोटावर करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, या तिन्हींचे मिळून प्रमाण त्यामुळे ६० टक्क्यांनी घटले. यात नवे औषध एकही नव्हते. नवी होती ती मोजणी आणि घाई.

जग कुठे आहे, आपण कुठे आहोत

एप्रिल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी दिलेल्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच दगावल्या. म्हणजे दर दोन मिनिटांना एक. २००० सालापासून हे प्रमाण ४० टक्क्यांनी खाली आले, पण २०१६ नंतर घसरणीचा वेग मंदावला आहे. सर्वाधिक बळी रक्तस्रावाचे, त्याखालोखाल थेट प्रसूतीशी संबंधित कारणांत उच्च रक्तदाबाचे.

सुरक्षित मातृत्वाची जागतिक मोहीम १९८७ मध्ये नैरोबीत सुरू झाली. १९९४ च्या कैरो परिषदेने संततिनियमनाच्या पलीकडे जाऊन स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा आणि तिच्या निर्णयाचा विचार मांडला. पुढे सहस्रक विकास उद्दिष्टे आली आणि २०१५ नंतर शाश्वत विकास उद्दिष्टे आली. २०३० पर्यंत दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ७० च्या खाली आणायचे, हे आजचे जागतिक उद्दिष्ट आहे.

भारताच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१४-१६ मध्ये देशात हे प्रमाण १३० होते, ते २०१९-२१ मध्ये ९३ वर आले. महाराष्ट्र याच काळात ६१ वरून ३८ वर आला. २०१८-२० मध्ये तर राज्याचा आकडा ३३ होता. जननी सुरक्षा योजना (२००५), मोफत बाळंतपण आणि मोफत वाहनाची हमी देणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११), २०१४ पासून धावणारी १०८ रुग्णवाहिका आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या यांचा या घसरणीत मोठा वाटा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. एका पिढीपूर्वी कोकणातल्या खेड्यांत घरची खोली आणि गावची सुईण हीच रीत होती, हे लक्षात घेतले तर बदल केवढा मोठा आहे हे कळते.

मग प्रश्न कुठे उरला? तो सरासरीच्या आत उरला आहे.

दोन तालुक्यांचे गणित

२०११ च्या जनगणनेत पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून साडेतीन लाखांच्या थोडी वर होती. हजारी १५ हा राज्याचा जन्मदर धरला तर दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला साधारण साडेपाच हजार बाळंतपणे होतील. राज्याचे ३८ हे प्रमाण इथे लावले तर उत्तर येते वर्षाला सुमारे दोन मृत्यू.

इतक्या लहान आकड्याची एक अडचण असते. आरोग्यसेवेत काहीही बदल झाला नाही, तरी केवळ योगायोगाने सातेक वर्षांतून एकदा इथे एकही मातामृत्यू होणार नाही आणि साधारण तितक्याच वेळा चार किंवा अधिक होतील. शून्याच्या वर्षी अधिकाऱ्यांचे कौतुक होईल, चारच्या वर्षी नोटिसा निघतील. दोन्ही वेळी प्रत्यक्ष सेवा तीच असेल. राज्याचा आकडा ३३ वरून ३८ वर गेला म्हणून कारभार बिघडला असे म्हणणे जसे घाईचे, तसेच तालुक्यात यंदा एकही मृत्यू नाही म्हणून सारे आलबेल आहे असे म्हणणेही घाईचे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. रायगड जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के आहे. त्यात प्रामुख्याने ठाकूर आणि कातकरी समाज येतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी एक. पेणमध्ये आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे ते यामुळेच. समजा, दोन्ही तालुक्यांतल्या दुर्गम वाड्यांमध्ये मिळून वर्षाला ३०० बाळंतपणे होतात आणि तिथली जोखीम राज्याच्या सरासरीच्या आठपट आहे. तरीही तिथे वर्षाकाठी एखादाच मृत्यू होईल आणि तो साडेपाच हजारांच्या हिशेबात विरघळून जाईल. ज्या स्त्रीला धोका सर्वाधिक, तीच सरासरीत सर्वांत कमी दिसते.

म्हणून ७० चे उद्दिष्ट ओलांडलेल्या राज्यात पुढचा प्रश्न प्रमाण किती हा राहत नाही. कोण मागे राहिले आणि ती नेमकी कुठे अडकली, हे विचारावे लागते.

तीन ठिकाणी होणारा उशीर

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एक सोपी मांडणी केली. बाळंतीण दगावते तेव्हा बहुधा तीनपैकी एका ठिकाणी उशीर झालेला असतो. दवाखान्यात जायचे ठरवायला, दवाखान्यापर्यंत पोहोचायला आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला. पेण-रोह्याकडे या चष्म्यातून पाहिले की चित्र स्पष्ट होते.

पहिला उशीर घरात होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे आहेत. ‘पोटुशीला असे व्हायचेच’ म्हणून ती अंगावर काढली जातात आणि मग आकडी येते. बाळंतपणानंतर रक्त जात राहिले तर ‘घाण जाते आहे, जाऊ दे’ असे घरातल्या जाणत्या बायका सांगतात. या समजुतींना हसून चालत नाही. जिला दवाखान्यात जायचे तर दोन माणसांची मजुरी बुडते आणि घरी लहान मुलाकडे पाहायला कोणी नसते, तिच्या घरात ‘उद्या बघू’ हा निर्णय सोयीचा ठरतो.

दुसरा उशीर वाटेवर होतो. मुंबई-गोवा महामार्ग पेण तालुक्यातून वडखळमार्गे नागोठणे आणि कोलाडकडे जातो. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. महामार्गावरची ही कथा, तर डोंगरातल्या वाडीची वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात ओढे भरले की वाडी तुटते. १०८ चा फोन लागला, गाडी निघाली, तरी ती डांबरी संपते तिथवरच येते. पुढची उतरण चादरीच्या झोळीतून, नात्यातल्या चार माणसांच्या खांद्यावर होते. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा बचाव पथकांना पायी डोंगर चढून जावे लागले, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याच पायवाटांनी एरवी गरोदर बायका खाली येत असतात, एवढाच त्यात फरक.

अतिरक्तस्रावात वेळ कशी मोजायची असते? ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड या स्वस्त औषधाचा अभ्यास २१ देशांतील २० हजार स्त्रियांवर झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात. तीन तासांनंतर दिले तर उपयोग होत नाही. वाडीतून उतरायला लागणारा तास-दीड तास आणि गाडीची वाट यांतच यातला निम्म्याहून अधिक वेळ संपतो.

दवाखान्याच्या दारात

तिसऱ्या उशिराबद्दल बोलणे सर्वांत अवघड, कारण तो आरोग्ययंत्रणेचा स्वतःचा आहे. पेण आणि रोहा इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कागदावर पायऱ्या नीट आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. परंतु रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीला वाचवायला एकाच वेळी चार गोष्टी हजर असाव्या लागतात: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त आणि चालू स्थितीतले शस्त्रक्रियागृह. यातली एक नसली तर उरलेल्या तिन्हींचा उपयोग नाही. ग्रामीण महाराष्ट्रात बहुतेक वेळा कमी पडतो तो भूलतज्ज्ञ आणि तोही रात्री. एकाच भूलतज्ज्ञावर चोवीस तासांची सेवा उभी करता येत नाही. तो माणूस कधीतरी झोपणार, कधी रजेवर जाणार, कधी दुसऱ्या रुग्णावर काम करत असणार.

मग ‘पुढे पाठवा’ हा शब्द येतो. पेणहून अलिबाग सुमारे ३० किलोमीटर. तिथेही जमले नाही तर पनवेल, नवी मुंबई किंवा थेट मुंबई. पुढे पाठवणे हा गुन्हा नाही, अनेकदा तोच योग्य निर्णय असतो. पण कसे पाठवले यावर बाईचा जीव ठरतो. आकडीची भीती असलेल्या स्त्रीला निघण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला का? २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासात या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे सिद्ध झाले आहे. ते स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येते. रक्तस्राव होत असेल तर गर्भाशयात फुगा ठेवून किंवा पायांना दाबपट्ट्यांचा पोशाख चढवून ती निघाली का? पुढच्या रुग्णालयाला फोन गेला का, तिथे तिच्या गटाचे रक्त तयार आहे का? चिठ्ठीत शेवटचा रक्तदाब आणि दिलेली औषधे वेळेसह लिहिली का?

आणखी एक बारीक बाब. ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. कोकणच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या खोलीत उघड्या ट्रेमध्ये पडून राहिलेली कुपी दिसायला तशीच असते, पण तिचा जोर कमी झालेला असतो. उष्णता सहन करणारे कार्बेटोसिन जगात आले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या मोठ्या अभ्यासाने ते ऑक्सिटोसिनइतकेच गुणकारी ठरवले, त्यात भारतातील रुग्णालयेही सहभागी होती. तोवर प्रसूतिकक्षातले फ्रिज चालू आहे ना, हे रोज पाहणे हाच उपाय.

मराठी मुलखाच्या सीमेवरच्या बेळगावने या क्षेत्रात जगाला मोठा धडा दिला आहे, हेही सांगायला हवे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी ग्रामीण भागातील १६२० स्त्रियांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. उपकेंद्रातल्या परिचारिकांनी बाळ जन्मताच मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. फ्रिज नाही, सुई नाही, डॉक्टर नाही, तरी धोका निम्म्याच्या जवळ आला. पुढे हे औषध या कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत गेले.

दोन कप कुणाला परवडतात?

पुन्हा त्या ३०० मिलिलिटरकडे येऊ. गरोदरपणाच्या अखेरीस स्त्रीच्या अंगात पाच-सहा लिटर रक्त असते. हिमोग्लोबिन ११ असलेली धडधाकट बाई अर्धा-पाऊण लिटर रक्त गेले तरी सावरते. हिमोग्लोबिन सहा-सात असलेली बाई त्याच्या निम्म्यातच कोसळू शकते. म्हणून बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा उपचार खरे तर पाच-सहा महिने आधी सुरू व्हायला हवा.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, देशात हे प्रमाण ५२.२ टक्के होते. मातामृत्यू इतके घटले, पण रक्तक्षय तेवढा हटलेला नाही. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची, असे धोरण आहे. गोळ्या वाटल्या जातात. घेतल्या किती जातात, हा प्रश्न वेगळा. गोळीने मळमळ होते, शौचाला काळे होते, मग ती डब्यात पडून राहते. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर लागते. एवढे सांगायला आशाताईला प्रत्येक घरी पाच मिनिटे बसावे लागते. गोळी चालत नसेल किंवा दिवस भरत आले असतील, तर शिरेतून लोह देण्याची सोय उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईला पुन्हा गोळ्यांचीच पट्टी हातात देणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

नाचणी, वाल, सुकट, जवळा, पावसाळ्यातल्या रानभाज्या हे या भागातले अन्न चांगलेच आहे. अडचण ते ताटात किती येते ही आहे. घरात सर्वांत शेवटी जेवणारी व्यक्ती बहुधा गरोदर सूनच असते.

दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या वाड्या

कातकरी कुटुंबांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. पावसाळ्यात वाडीवर आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर. कुणी ठाणे-पुण्याच्या बाजूला जातात, कुणी थेट कर्नाटकात. ठेकेदाराकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत परतता येत नाही. गणपतीच्या सुमारास आशाने नोंदवलेली गरोदर स्त्री सातव्या महिन्यात भट्टीवर असते. तिथली आशा तिला ओळखत नाही आणि इथल्या वहीत तिच्या नावापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो.

माता व बाल संरक्षण कार्ड आणि नोंदणी क्रमांक देशात कुठेही चालतो. स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था राज्याच्या महिला व बालविकास विभागाने अलीकडच्या वर्षांत उभी केली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत कातकरी वाड्यांसाठी रस्ते आणि फिरते दवाखाने यांची तरतूद आहे. साधने आहेत. ती जोडणारा माणूस नेमलेला नाही. वाडी सोडण्याआधी प्रत्येक गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून, कार्ड हातात देऊन, ती जिथे जाणार तिथल्या आरोग्य केंद्राला एक फोन करणे, हे काम ऑक्टोबरच्या पंधरवड्यात होऊ शकते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५००० रुपयेही आधार आणि बँक खाते जुळले तरच मिळतात. भट्टीवर असलेल्या बाईला त्या खेपा घालता येत नाहीत, म्हणून गरज सर्वाधिक असलेलीचे पैसे सर्वांत उशिरा येतात.

लपवलेली गरोदरपणे

आणखी एक गट सरासरीतून निसटतो. राज्यातील २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे पाचव्या पाहणीने नोंदवले. अठराच्या आतल्या गरोदरपणात रक्तक्षय आणि आकडी यांचा धोका अधिक असतो. या मुलीला दवाखान्याची गरज सर्वांत जास्त आणि तिला दवाखान्याची भीतीही सर्वांत जास्त. कारण तिचे वय कागदावर आले की पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. नवरा तुरुंगात जाईल या भीतीने घरचे वय वाढवून सांगतात किंवा नोंदणीच टाळतात.

बालविवाह रोखायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण कायद्याचा धाक लग्नाच्या मांडवात पोहोचत नाही आणि प्रसूतिकक्षात पोहोचतो, तेव्हा त्याची किंमत त्या मुलीलाच मोजावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपातासाठी येणाऱ्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिने व पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना कळवण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, असे म्हटले. उपचार आधी, ही दिशा त्यातून दिसते. उपकेंद्रांपर्यंत ती पोहोचायला हवी. अशा मुलीला पुढचे मूल निदान तीन वर्षांनी व्हावे यासाठी ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या किंवा प्रसूतीनंतर लगेच बसवायची तांबी सरकारी रुग्णालयांत मोफत असते. ते तिला एकटीला, सासूच्या पाठीमागे नव्हे पण सासूच्या दडपणाविना सांगता आले पाहिजे.

मृत्यूचा तपास की झाडाझडती?

जागतिक पातळीवर २०२५ हे वर्ष कठीण गेले. अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यानंतर अनेक देशांत प्रसूतिसेवा बंद पडू लागल्याचा इशारा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एप्रिलमध्ये दिला. गरीब देशांत आरोग्य पाहण्या करणारा अमेरिकी अर्थसाहाय्यावरचा कार्यक्रमही थांबवला गेला. रायगडमधले प्रसूतिकक्ष या पैशावर चालत नाहीत. पण मोजणी कमकुवत झाली की मागे राहिलेले आधी नजरेआड होतात, हा धडा इथेही लागू आहे.

मोजणी कशी करावी याची उदाहरणे जवळच आहेत. ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चिकित्सा होते. केरळात २००४ पासून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती सुरू केली. डॉक्टरचे किंवा रुग्णालयाचे नाव न घेता, काय चुकले आणि काय करता आले असते एवढेच पाहायचे, हा तिचा पाया आहे. भारतातही मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत आहे. जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा होतो, नातेवाइकांना बोलावण्याचीही तरतूद आहे. ‘दोष कुणाचा’ हे विचारायचे नाही, असे मार्गदर्शक सूचनांत आहे. प्रत्यक्षात बैठकीत प्रत्येक जण स्वतःचा कागद सांभाळतो. नोटिशीच्या भीतीने ‘पुढे पाठवले’ हा शेरा लवकर पडू लागतो आणि बाई वाटेत दगावली की मृत्यू कुणाच्याच खाती राहत नाही.

वर्षाला दोन मृत्यू होणाऱ्या तालुक्यांनी शिकायचे तर केवळ मृत्यूंवरून शिकता येणार नाही. मरता मरता वाचलेल्या स्त्रियांची संख्या मृत्यूंच्या कितीतरी पट असते. केंद्र सरकारने अशा घटनांच्या आढाव्याची कार्यपद्धती २०१४ मध्येच दिली आहे. वाचलेली बाई स्वतः सांगू शकते: कळा कधी सुरू झाल्या, गाडी किती वाजता आली, कोणत्या दारातून परत पाठवले, रक्त कुणी आणले. असा आढावा तीन महिन्यांतून एकदा पेण आणि रोह्यात झाला, तर वर्षाअखेरीस कोणती वाडी, कोणता ओढा, कोणती रात्र धोक्याची हे नावानिशी कळेल.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, मांडव्याला सत्तरच्या दशकात डॉ. नोशिर अंटिया यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन पाहिले होते. कमी शिकलेल्या स्त्रिया गावाची नोंद चोख ठेवू शकतात, हे तिथे दिसले होते. आशा कार्यकर्तीवर आज नोंदींचे ओझे भरपूर आहे. त्या नोंदींतून तिला परत काहीच कळत नाही, ही त्यातली उणीव आहे.

तातडीने करता येण्याजोगे काम एक आहे. राज्यातील काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्राच्या आवारात ‘माहेरघर’ असते. दिवस भरत आलेली स्त्री तिथे आधी येऊन राहते, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल असते, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई मिळते. पेण-रोह्याच्या रस्ता नसलेल्या वाड्यांसाठी, निदान जून ते सप्टेंबर, अशी सोय उपजिल्हा रुग्णालयालगत झाली तर पावसातली झोळी टळेल. रस्ता व्हायला वर्षे लागतात. आषाढ-श्रावणात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची यादी मात्र वैशाखातच आशांच्या वहीत तयार असते.